न्हाणीतला कोरडा दगड

१

आमच्या न्हाणीत साबण फार टिकायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं, आणि सुरुवातीला आम्हाला त्याचं नुसतं कौतुक होतं.

मी धानोऱ्याला गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो. सरकारी कागदावर स्टॉकमन, गावाच्या तोंडी 'ढोरना दागतर'. सकाळी उठायचं, बंबातलं पाणी बादलीत घ्यायचं, न्हाणीतल्या काळ्या दगडावर बसून आंघोळ उरकायची आणि दवाखाना उघडायचा. घर भाड्याचं होतं. स्वयंपाकघराच्या मागे एक अंधारी खोली, तीच न्हाणी. पाणी बाहेर जायला भिंतीत खाली एक भोक आणि पलीकडे कोणाचं तरी तुरीचं शेत. घरातलं सगळं घरमालकाचं, दगड मात्र आमचा. माझ्या बायकोने, रंजनाने, तो माहेराहून आणलेला.

खरं तर तिच्या आईने तो दिला. छबूबाईंनी लेकीच्या पाठवणीत भांडी दिली, गादी दिली आणि वर हा दगड दिला. मोरथडीहून नंदुरबारपर्यंत तो बैलगाडीतून आला आणि पुढे यष्टीच्या टपावरून. कंडक्टर त्याचं तिकीट फाडावं की नाही याचा बराच वेळ विचार करत उभा होता. मी मित्रांना सांगायचो, तुम्हाला सासरवाडीकडून अंगठी मिळाली, मला शिळा मिळाली.

पण दगड होता देखणा. काळाभोर, घट्ट, घासूनघासून मऊ केलेला. एका अंगाला आडवी कोरलेली खोल रेघ, आणि रेघेच्या वर तळहात मावेल एवढी वाटी. पाथरवट कोण होता कोण जाणे. वाटीच्या काठावरून बोट फिरवलं की कुठेही अडायचं नाही. असल्या हाताला दाद द्यायला तो माणूस जिवंत असायला हवा होता, असं मला रोज वाटायचं. आम्ही त्या वाटीत साबण ठेवत असू.

तर तो साबण विरघळत नसे. वडी झिजायची ती फक्त अंगाला लागून. दगडावर कितीही पाणी ओता, मी टॉवेल गुंडाळेपर्यंत दगड कोरडा ठणठणीत. भोवतालची फरशी ओली, भिंतीला शेवाळ, आणि मधोमध हा चुलीशेजारी ठेवल्यासारखा. मी त्याला ढाळ असेल म्हटलं, दगडाची जात असेल म्हटलं. माझ्याकडे कारणांचा तुटवडा कधीच नसतो.

रंजनाने मात्र माझं कारण ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "तो भिजत नही. तितलं वर पानीच येत नही."

"वर कोठे? तो तं जमिनीवर शे."

"आठे जमिनीवर शे," ती म्हणाली. "मन्हा गावमा तो मन्हा डोकानाबी वर व्हता."

२

मोरथडी हे तापीच्या अगदी काठावरचं गाव. गावात शिरताना, नदीच्या उतारावर, तिथे पूर्वी पूरखांब होता. रंजनाच्या पणजोबांच्या काळी पुराने अर्धं गाव नेलं. उरलेल्यांनी वर्गणी काढली आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथवर काळ्या दगडाचा खांब उभा केला. खाली लहान पुरांच्या रेघा, सर्वांत वर त्या मोठ्या पुराची रेघ, आणि तिच्यावर ओटीची वाटी. ज्यांची घरं वाहून गेली त्यांनी आधी घरं न बांधता हा खांब बांधला. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटे, आजही वाटतं.

पाणी चढायला लागलं की गावातल्या बायका शिडी लावून त्या वाटीत तापीची ओटी भरायच्या. खण, तांदूळ, नारळ. ओटी मिळाली की तापीमाय माघारी वळते, असा भाव. यात एक गंमत होती. ओटी भरणारी बाई तोंडात पाण्याची चूळ धरून जायची आणि घरी येईपर्यंत ती थुंकायची नाही की गिळायची नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"बोलाना नही म्हनीसन," रंजना म्हणाली.

मी हसलो. मोरथडीच्या बायका गप्प बसाव्यात म्हणून नदीला पूर यावा लागतो, असं मी तिला पुढे कितीतरी दिवस चिडवलं. पण कारण ऐकल्यावर मला ते पटलं. आपल्याकडे निघालेल्या माणसाला 'जा' कोणी म्हणत नाही. ओटी भरून लेक निघाली की तोंडातून आपोआप 'येजो', म्हणजे पुन्हा ये, असं बाहेर पडतं. नदीला ते चुकून म्हटलं जाऊ नये, म्हणून चूळ. इतकी साधी युक्ती ज्या बाईला प्रथम सुचली तिच्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

पुढे, स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाल्यावर, घाटाकडे जाणारा रस्ता रुंद करायचं निघालं. खांब रस्त्यात येत होता. कंत्राटदाराने सुरुंग लावला. पहिल्या सुरुंगाला खांब हललासुद्धा नाही, दुसऱ्याला मात्र त्याचे तुकडे झाले. ज्याला जो उचलता आला तो त्याने नेला. कोणी पायरी केली, कोणी धुण्याचा दगड केला, कोणी गोठ्यात पुरून त्याला बैल बांधला. छबूबाई सरळ जाऊन वरच्या तुकड्यावर बसल्या आणि घरची बैलगाडी येईपर्यंत उठल्या नाहीत. कंत्राटदाराचा मुकादम ओरडला तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि त्याला विचारलं, "तुन्ही माय कोन्या गावनी शे रे भाऊ?" तो मुकाट बाजूला झाला.

आणि लेकीचं लग्न ठरल्यावर त्यांनी तो दगड तिच्याबरोबर धाडला. वरची रेघ तापीपासून जितकी लांब जाईल तितकं गाव सुखी, असा त्यांचा हिशोब. धानोऱ्याच्या चढणीवर कोणता पूर येणार होता!

३

लग्नानंतरचा दुसरा पावसाळा होता. माझा मेहुणा मगन नंदुरबारच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो मला न्यायला आला.

"दाजी, पितांबरना बैल पाय टेकी नही ऱ्हायना. देखी जा एकदाव."

पितांबर म्हणजे मोरथडीचा त्यांचा भाऊबंद. त्याचं घर आणि गोठा गावाच्या पार वरच्या टोकाला, मुरमाड जागेवर. मी गेलो तेव्हा तिकडे चार दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि गोठ्यातली धूळ पायाला लागत होती. बैल भलताच उमदा. पण त्याच्या पुढच्या दोन्ही खुरांच्या बेचक्यात सड लागली होती. चिखलात दिवसचे दिवस उभं राहिलेल्या जनावराला लागते तशी.

"याला कुठे उभा करता?" मी पितांबरला विचारलं.

"आठेच. कोठे जाई तो?"

मी मोरचुदाच्या पाण्याने खूर धुतले. बेचक्यातून निघाला तो मऊ, पिवळसर गाळ. नदीचा गाळ ओळखायला मला चष्मा लागत नाही, मी तापीकाठचाच आहे. मग मी बैल बांधला होता तो दगड पाहिला. काळा, अर्धा जमिनीत पुरलेला, अंगावर एक आडवी रेघ. तो दगड ओलाचिंब होता. पाण्याची डबकी नाही, गळती नाही, चोहीकडे कोरडं गवत. मी गोणपाटाने तो पुसला. हात बाजूला घेतला तोवर तो पुन्हा भिजला होता.

गवताची एक काडी दगडाला चिकटली होती. मी पाहत होतो तेवढ्यात ती हलली आणि दगडावरून हळूहळू एका बाजूला सरकत गेली. वारा नव्हता. काडी कडेपर्यंत गेली, तिथे गोल फिरली आणि खाली पडली. बैल मागे सरला आणि त्याने दावं ताणलं.

"नदीवर चला," मगन म्हणाला.

खांब होता तिथे आता नुसता खड्डा होता. तापी त्या खड्ड्यात शिरली होती आणि पायथ्याच्या वर थोडी चढून संथ वाहत होती, डावीकडून उजवीकडे.

"पितांबरना दगड खालथीन दुसरा," मगनने हाताने हवेत खांब दाखवला. "पानी तठलोंग चढनं का तो वल्ला व्हस. कोठेबी ठेवा. पितांबरनी बहीन खापर गावले दिएल शे. तिनी तिसरा दगडना पाटा करा. मोठा पूर उना का तिना घर चटणीमा रेती येस. खापरमा, दाजी! तठे तापी कोठे?"

मी म्हणालो की दगड ओल धरतात. पाट्याची चटणी नीट निवडली नसेल. बैलाला जागा बदलून बांधा म्हणजे झालं. मगनने मान डोलावली. त्याला मला पटवायचं नव्हतंच, सांगायचं तेवढं त्याने सांगितलं होतं.

दुपारी छबूबाईंनी जेवायला वाढलं. घर उतारावर, पितांबरच्या गोठ्यापेक्षा बरंच खाली. भात वाढताना त्यांचा हात मध्येच थांबला.

"जवाईबा, आमना दगड कोरडा शे ना?"

"कोरडा शे, मामी."

"मंग जेवा निवांत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तूप वाढलं.

४

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तरी त्यानंतर आंघोळ झाली की मी दगडावर तळवा ठेवून पाहायला लागलो. नुसता एकदा, जाताजाता. रंजनाने मला पकडलंच.

"ढोरंसारखी त्यानीबी नाडी देखतस का?" ती पोट धरून हसली. तिचं हसणं शेजाऱ्यांना ऐकू जायचं. तशी ती घाबरट नव्हती. साप निघाला तर आधी मला खाटेवर चढवून मग काठी शोधायची. ज्या गोष्टीला मी दहा कारणं शोधायचो ती गोष्ट ती एका वाक्यात मान्य करायची आणि भाकरी उलटायची. मला तिचा हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर अभिमानही.

अशी बरीच वर्षं गेली. पावसाळे आले, पूर आले. पितांबरने बैल दुसरीकडे बांधला. खापरच्या बहिणीने पाटा परसात टाकला आणि तिथे श्रावणात बेडूक जमायला लागले. आमचा दगड कोरडाच होता. त्याच्या कोरडेपणाची मला इतकी सवय झाली की आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल त्याचाच मान होता.

अडुसष्टचा श्रावण. वरच्या अंगाला, बऱ्हाणपूरकडे, फार पाऊस झाल्याचं लोक बोलत होते. धानोऱ्यात मात्र लख्ख ऊन पडलं होतं. एका म्हशीचं रेडकू अडलं होतं, ते सोडवून मी दुपारी घरी आलो आणि कोपरापर्यंत भरलेले हात धुवायला न्हाणीत गेलो.

साबणाला हात लावला आणि बोटं आत रुतली.

वडी विरघळली होती. वाटी काठोकाठ भरली होती, आणि गुलाबी फेस दगडावरून खाली ओघळत होता. मी दगडावर तळवा ठेवला. तो गार आणि ओला होता, आणि तळव्याखालून काहीतरी सारखं सरकत होतं, डावीकडून उजवीकडे.

"अवं," मी हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "साबण देख."

रंजना आली. तिने पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"माय," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण मला सगळं कळलं. मगन नंदुरबारला होता. छबूबाई मोरथडीच्या घरात एकट्या होत्या, आणि पाणी वरच्या रेघेला लागलं होतं. मी यष्टीचं बोललो. फाट्यावर उतरून पुढे पायी जाऊ म्हणालो. बोलताबोलता मलाच समजत होतं की फाट्याच्या पुढे आता रस्ता राहिला नसेल.

रंजना उठली. डोळे पुसून तिने ट्रंक उघडली.

५

मगनच्या लग्नासाठी ठेवलेला हिरवा खण तिने काढला. तांदूळ घेतले, नारळ घेतला. तांब्यातलं पाणी तोंडात भरायच्या आधी ती मला म्हणाली, "तुम्ही आठेच उभा ऱ्हा. काहीबी दिसनं तरी बोलानं नही."

तेवढ्या वेळात न्हाणी भरली होती.

हे मला नीट सांगायला हवं. स्वयंपाकघराची जमीन कोरडी होती. चूल पेटलेली होती, तव्यावर भाकरी होती. न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पाणी येऊन थांबलं होतं, उंबऱ्याच्या वर चांगलं गुडघाभर, आणि अलीकडे एक थेंब सांडत नव्हता. गढूळ, जड पाणी. ते वाहत होतं. मी समोरच्या भिंतीतलं भोक शोधलं. भोक दिसेना, मग भिंतही दिसेना. तिथे नुसता अंधार होता, आणि त्या अंधाराला लांबी-रुंदी होती. तिकडून वारा येत होता आणि वाऱ्याला ओल्या गाळाचा वास होता. उंबराची एक फांदी, पानांसकट, डाव्या बाजूने आली, माझ्यासमोरून गेली आणि उजवीकडे जातच राहिली. आमची न्हाणी दोन पावलांत संपते.

रंजना पाण्यात उतरली. एकदाही मागे न पाहता. दगड कुठे आहे ते तिला पायाने कळलं असावं. ती त्याच्यापाशी थांबली, वाकली आणि ओंजळीतले तांदूळ पुढे केले.

पाण्याखालून पदर वर आला.

मी जे पाहिलं ते एवढंच. गढूळ रंगाचा, जड पदर. ओटी घेणारी बाई दोन्ही हातांनी धरते तसा पसरलेला. हात दिसले नाहीत, फक्त हातांनी ताणलेली कापडाची कड दिसली. रंजनाने त्यात तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. काही बुडालं नाही, काही वाहून गेलं नाही. पदराने ते घेतलं. मग रंजना वळली आणि उंबऱ्याकडे आली. गाल चुळीने फुगलेले, डोळे माझ्यावर.

पदर तिथेच होता.

पाणी बोटभरसुद्धा उतरलं नव्हतं. आत कुठेतरी लाकूड मोडल्याचा आवाज झाला, घराची तुळई मोडते तसा, आणि तो आमच्या घरातला नव्हता. रंजनाने मागे वळून पाहिलं. ओटी भरलेली बाई दारात का अडते, हे आपल्याकडे कोणत्याही लेकीला सांगावं लागत नाही. एक शब्द ऐकल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. इतकी वर्षं मोरथडीच्या बायका खांबापाशी गप्प राहिल्या आणि नदी तरी गेली. पण तेव्हा ती खांबाशी यायची. आज ती घरात आली होती.

रंजनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हणालो. तिच्या गळ्याची हालचाल मला स्पष्ट दिसली. तिने चूळ गिळली.

"येजो, माय," ती म्हणाली. लेकीला म्हणावं तितक्या मायेने म्हणाली. "मन्हा घर येजो."

पाणी उतरलं. ते भोकातून बाहेर गेलं असं म्हणायला मला आवडेल, पण पलीकडचं तुरीचं शेत कोरडं होतं. न्हाणीच्या मधोमध दगड होता, कोरडा. वाटी रिकामी आणि धुतल्यासारखी स्वच्छ. रंजना कमरेपर्यंत भिजून उभी होती. मी तिला धरून बाहेर आणलं. आयुष्यात मी धाडसी माणसं पाहिली आहेत, पेटलेल्या गोठ्यात शिरणारी पाहिली आहेत. इतकं जाणूनबुजून केलेलं धाडस दुसरं पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी जळली होती.

६

पाणी ओसरल्यावर मगन छबूबाईंना घेऊन आला. त्यांच्या अंगावर दुसऱ्या कोणाचं तरी लुगडं होतं, पण आवाज ठणठणीत होता. त्या माळ्यावर चढून बसल्या होत्या. पाणी माळ्याच्या फळ्यांना लागलं, त्यांचे पाय भिजले, मधली तुळई मोडली.

"मी म्हनं, चाल, व्हयनं आते," त्या सांगत होत्या. "आन कोनी हाक मारी तशी ती थांबनी. मंग फिरनी आन चालली गई. फळीवरना गिलास जागेवर, बाई! कोन्या गडबडमा व्हती कोन जाने."

मगन हसला, मी हसलो. रंजनाने चहा ठेवला. छबूबाई हात-पाय धुवायला न्हाणीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग आतूनच त्यांनी विचारलं, "रंजना, तू ओटी भरी?"

"हां."

"तोंडमा पानी धरेल व्हतं ना?"

रंजना चहा ढवळत राहिली. छबूबाई बाहेर आल्या. लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काय बोलनी तू?"

"येजो म्हनं."

त्या रागावतील असं मला वाटलं. त्या खाली बसल्या, लेकीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. चहा गार झाला तरी दोघी तशाच होत्या.

"मन्हाकरता?" त्यांनी विचारलं.

"ती निंघेच ना, माय," रंजना म्हणाली. "आन मले तू पाहिजे व्हती."

७

माझी बदली लोणखेड्याला झाली. मी स्वतःच अर्ज केला होता, हे रंजनाला माहीत होतं. सामान बांधताना मी म्हणालो की दगड इथेच राहू दे. मला वाटलं ती वाद घालेल. ती लगेच हो म्हणाली, आणि त्यामुळेच मी दोरी बांधायचा थांबलो.

"मंग ती आठे येई," मी म्हणालो. "दगड आठे शे."

रंजना पितळेची परात पोत्यात भरत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अगदीच साधं काहीतरी विसरलो होतो.

"बलावं कोनी?" ती म्हणाली. "मी बलावं. दगडनी थोडंच बलावं?"

लोणखेड्याचं घर नवं होतं. न्हाणी सिमेंटची, नळाला पाणी. साबण चार दिवसांत विरघळून जायचा, आणि ते पाहून मला फार बरं वाटायचं. हिवाळा गेला. उन्हाळ्यात गावाजवळची गोमाई नदी आटून नुसती वाळू राहिली. मी पुन्हा माझी जुनी कारणं जमवायला लागलो होतो. त्या दिवशी उन्हाने डोळे दिपले असतील. मुरलेल्या भिंतीतून पाणी आलं असेल. पूर आपोआपच ओसरला असेल.

ज्येष्ठातली दुपार. बाहेर रस्त्यावर धुळीशिवाय काही नव्हतं. रंजनाने ताट वाढलं आणि लिंबू घ्यायला वळली. तेव्हा मला तिच्या पदराचं टोक दिसलं. ते ओलं होतं. जमिनीला लागून त्याने फरशीवर गढूळ रेघ ओढली होती.

"कोठे भिजना?" मी विचारलं.

तिने पदर हातात घेतला, वास घेतला आणि काही न बोलता पिळला. नंतर ती कान देऊन उभी राहिली. न्हाणीच्या बाजूने बांगड्या वाजल्या. तिच्या बांगड्या माझ्यासमोर होत्या.

"तिले सांग," मी कुजबुजलो, "येऊ नको म्हनीसन सांग."

"मगनले कधी सांगं का तुम्ही तसं?" ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती हसली. "पाव्हनी शे ती. मी बलाएल शे. मन्ही माय जित्ती शे तिन्हा उपकारवर."

तिने ओला पदर डोक्यावरून घेतला, वडीलधारं माणूस आलं की घेतात तसा. कोनाड्यातला खण काढून ताटाजवळ ठेवला. हा खण तिने कधी आणून ठेवला होता मला माहीत नव्हतं. मग सवयीने तांब्या उचलला, पाव्हणीचे पाय धुवायला पाणी भरलं आणि दोन पावलं जाऊन थबकली.

"तिले काय पानी दिऊ वं मी!" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला खरोखरचं हसू फुटलं. तेच, शेजाऱ्यांना ऐकू जाणारं. तिने तांब्यातलं पाणी माठात परत ओतलं.

न्हाणीचं दार उघडलं. गाळाचा वास घरात आला आणि चुलीतला जाळ बसला. मी पाटावरून अर्धा उठलो होतो. पण रंजना दाराकडे तोंड करून उभी होती, ताठ, पदर सावरून, आपल्या घरात आपल्या माणसाला घ्यायला उभं राहावं तशी. ती उभी असताना मला पळून जाता येईना.

"ये, माय," ती म्हणाली.

मी माझा पाट बाजूला सरकवला आणि जागा केली.